४१४००१ : नगरच्या एका आकड्याचं गणित

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



नगरमध्ये व्याख्यानाला उभं राहिलं की वक्ता दोन वाक्यांनंतर निजामशाहीत शिरतो, असा अनुभव आहे. १४९० पासून गोष्ट सुरू होते आणि भुईकोट किल्ल्यापाशी येऊन थांबते. संयोजकांनी मला विषयाची मोकळीक दिली, तिचा फायदा घेऊन मी आज इतिहासाला सुट्टी देणार आहे. मी एका संख्येवर बोलणार आहे. ती तुम्हां सर्वांना पाठ आहे, पण तिच्याकडे संख्या म्हणून कुणी पाहिलेलं नाही. लग्नपत्रिकेवर, गॅसच्या पुस्तकावर, बँकेच्या अर्जावर आपण ती वर्षानुवर्षं लिहीत आलो : ४१४००१. चार लाख चौदा हजार एक.

आपल्या शहराचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. ४१४००१ मात्र जागचा हलला नाही. पत्त्यातला गणिताच्या ताब्यातला भाग तेवढाच.

हा आकडा आपल्याला दिला कोणी? पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिच्यामागे डोकं होतं एका मराठी माणसाचं. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते, आणि संस्कृतचे कवीही होते. नावांचे घोळ, वेगवेगळ्या लिप्या, अर्धवट पत्ते यांतून वाट काढायची होती. आपल्या श्रीरामपूरचं उदाहरण घ्या; श्रीरामपूर बंगालमध्येही आहे. वेलणकरांनी सहा अंकांत देश बसवला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल जिथे वर्गवारीला जातं त्या जिल्ह्याचा, आणि शेवटचे तीन डाकघराचे. टपालखात्याचा हा नकाशा कलेक्टरच्या हद्दींवर चालत नाही, टपालाच्या वाटांवर चालतो. म्हणून आपल्या एकाच जिल्ह्यात चार सुरुवाती आहेत : नगर, पारनेर, नेवासे ४१४, राहुरी, श्रीरामपूर ४१३, अकोले, संगमनेर ४२२, शिर्डी, कोपरगाव ४२३.

योजना उत्तम, पण गणिताच्या माणसाला तिच्यात एक खोट दिसते, ती सांगून टाकतो. या सहा अंकांत चूक पकडणारा अंक नाही. ४१४००१ मधला तिसरा अंक घाईत ४ ऐवजी १ पडला तर होतात ४११००१, आणि ते आहे पुणे. आकडा चुकला हे आकड्यावरून कळायला मार्गच नाही. पाकीट बिनबोभाट पुण्याला जातं. आधारच्या बारा अंकांत शेवटचा अंक असा पहारेकरी म्हणून बसवलेला आहे. आधीच्या अकरांपैकी एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक अर्ज परत करतो. १९७२ साली वर्गवारी करणारे डोळे माणसाचे होते, पाकिटावर गावाचं नावही असायचं, म्हणून निभावलं.

आता संख्येकडे वळू. शाळेत गुरुजी संख्या दिली की पहिला प्रश्न विचारत : हिचे अवयव पाडा. ४१४००१ ला २ ने भाग जात नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ ने जात नाही, शेवटी १ म्हणून ५ ने नाही. मग येतात ७. सातची कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, म्हणून ती सांगतो, आणि त्यासाठी नेवाशाला जाऊ. ज्ञानेश्वरी नेवाशाला सिद्ध झाली ती शके १२१२ मध्ये. बारा आणि पुन्हा बारा. दोन अंकांची जोडी दोनदा लिहिली की ती संख्या १०१ च्या पाढ्यात बसते. १२१२ म्हणजे १०१ × १२. तसं तीन अंकांचं त्रिकूट दोनदा लिहिलं तर संख्या १००१ च्या पाढ्यात बसते. ४१४४१४ म्हणजे १००१ × ४१४. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. मग ४१४००१ साठी एवढंच करायचं : पुढच्या तीन अंकांतून मागचे तीन वजा करा. ४१४ वजा १, उरले ४१३; आपली संख्या ४१४४१४ पेक्षा बरोबर तेवढीच कमी आहे. त्याला सातने भाग जातो, ७ × ५९. म्हणजे ४१४००१ लाही जाणार. ४१३ ला ११ ने जात नाही, १३ ने जात नाही, म्हणजे ४१४००१ लाही नाही. एका वजाबाकीत तीन निकाल.

सातने भागू या. ४१४००१ भागिले ७, उत्तर ५९१४३. आणखी एकदा सात लावून पाहू. भाग जातो : ८४४९. तिसऱ्यांदा? तोही जातो : १२०७. चौथ्यांदा मात्र जात नाही, बाकी ३ उरते. १२०७ ला १७ ने भाग द्या, येतात ७१. आणि ७१ ही मूळ संख्या. म्हणजे

४१४००१ = ७ × ७ × ७ × १७ × ७१.

हा उजवीकडचा ऐवज नीट बघा. ७, ७, ७, १७, ७१. सगळे अवयव फक्त १ आणि ७ या दोन अंकांत लिहिलेले. शिवाय १७ उलटा वाचला की ७१, आणि दोन्ही मूळ. वेलणकरांच्या नावावर विलोमकाव्य आहे, सुलट वाचलं तर एक अर्थ आणि उलट वाचलं तर दुसरा. त्यांनी नगरला हा आकडा देताना १७ आणि ७१ मनात धरले होते असं मी म्हणणार नाही, म्हटलं तर तुम्ही मला सभागृहाबाहेर काढाल. क्रमांक ठरले ते वर्गवारीच्या सोयीने. पण विलोमकाव्य लिहिणाऱ्याच्या योजनेतून असा आकडा आपल्या वाट्याला यावा, याची मौज वाटल्याशिवाय राहत नाही.

यापुढचं मात्र अंकांच्या गमतीपेक्षा खोल आहे. जिने ४१४००१ ला नि:शेष भाग जातो अशी प्रत्येक संख्या गोळा करा. १ आणि ती स्वतः धरून अशा सोळा आहेत. १, ७, १७, ४९, ७१, ११९ अशा चढत चढत ५९१४३ आणि ४१४००१ पर्यंत. या सोळांची बेरीज करा. कागदावर करायला पाच मिनिटं लागतात. बेरीज येते ५,१८,४००. आणि ५,१८,४०० म्हणजे बरोबर ७२० चा वर्ग. आणि ७२० म्हणजे १ × २ × ३ × ४ × ५ × ६.

हे का घडलं ते समजून घेऊ, नाहीतर तो नुसता चमत्कार राहील. कोणत्याही विभाजकात सात शून्य वेळा, एकदा, दोनदा किंवा तीनदा असणार. १७ असेल किंवा नसेल. ७१ असेल किंवा नसेल. म्हणून सोळा विभाजकांची बेरीज म्हणजे तीन कंसांचा गुणाकार : (१ + ७ + ४९ + ३४३) × (१ + १७) × (१ + ७१). कंस सोडवला की प्रत्येक विभाजक एकेकदाच बाहेर पडतो. पहिला कंस ४००, दुसरा १८, तिसरा ७२. आता १८ म्हणजे २ × ९, ७२ म्हणजे ८ × ९. गुणाकार १६ × ८१, म्हणजे ३६ चा वर्ग. आणि ४०० हा २० चा वर्ग. वीस छत्तिसे सातशेवीस.

या तिघांतला खरा मानकरी पहिला कंस. १ + ७ + ४९ + ३४३ = ४०० हे समीकरण गणिताच्या इतिहासात नावाजलेलं आहे. पिएर द फर्मा हा फ्रान्समधला कायदेपंडित, न्यायालयाचं काम सांभाळून संख्यांवर प्रेम करणारा. १६५७ साली त्याने युरोपातल्या, विशेषतः इंग्लंडमधल्या गणितज्ञांना आव्हान पाठवलं : असा घन शोधा की त्याच्या सगळ्या विभाजकांची त्याच्यासह बेरीज केली तर पूर्ण वर्ग यावा. नमुना म्हणून त्यानेच ३४३ दिला आणि म्हणाला, असा दुसरा दाखवा. जॉन वॉलिससारख्या मातब्बराला हा प्रकार फारसा रुचला नाही. पॅरिसच्या फ्रेनिकलने मात्र उत्तरं काढून दाखवली. ती सगळी अनेक मूळ संख्यांच्या गुणाकारांतून येतात. एकाच मूळ संख्येचा घन हवा असेल तर सात सोडून दुसरी मूळ संख्या नाही, हे पुढे सिद्ध झालं. तर फर्माच्या आव्हानातला तो एकमेव घन आपल्या पत्त्यात जसाच्या तसा बसलेला आहे. माळीवाड्यातल्या पाकिटावर रोज.

आता फर्मावरून आपल्या शेजारच्या जिल्ह्यात येऊ. संख्यांचा असाच नाद लागलेला एक शिक्षक देवळालीला राहत होता. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर पदवी घेतली नाही. १९६२ पर्यंत शाळेत शिकवलं, आणि उरलेल्या वेळात आकडेमोड. विद्यापीठांतल्या बऱ्याच मंडळींनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. १९७५ साली मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा देवळालीचं नाव जगभर गेलं. आपल्या अकोले-संगमनेरचा पिनकोड ४२२ ने सुरू होतो, तसाच देवळालीचाही. म्हणून त्यांना पाहुणे मानायचं कारण नाही.

कापरेकरांच्या पद्धती ४१४००१ वर लावून पाहू. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. उलट विचारा : ४१४००१ चा जनक कोण? शोधायला बसलं की एकच सापडतो, ४१३९६९. त्याच्या अंकांची बेरीज ३२, ती मिळवली की ४१४००१. ज्या संख्यांना जनकच नसतो, जसे २०, ३१, ४२, त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. आपली संख्या स्वयंभू नाही. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद. आपली अंकबेरीज १०, भाग जात नाही, म्हणून नगर हर्षदही नाही. पारनेर मात्र आहे. ४१४३०२, अंकबेरीज १४, आणि १४ × २९५९३ = ४१४३०२.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली क्रिया चार अंकांवरची. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ येतात आणि तिथेच थांबतात. १९४९ मध्ये त्यांनी हे मांडलं. तीन अंकांना तसा मुक्काम ४९५ चा. ४१४ घ्या : २९७, ६९३, ५९४, ४९५. पोचलो. सहा अंकांना मात्र एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन थांबे आहेत, आणि तिसरं आहे ते एक चक्र. ४१४००१ पासून निघा. ४४११०० वजा ००११४४, म्हणजे ४३९९५६. पुढे ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, आणि आठव्या वजाबाकीला ४२०८७६. इथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचा फेरा. नगरहून निघालेला माणूस कुठेच उतरत नाही, फिरत राहतो. आठवीतल्या मुलाला सुट्टीत द्यायला याहून चांगला उद्योग मला माहीत नाही.

केंब्रिजचा जी. एच. हार्डी, रामानुजनला पुढे आणणारा, अशा गोष्टींवर नाराज असे. १९४० च्या आपल्या पुस्तकात त्याने ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं आहे. या संख्या आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. ८७१२ म्हणजे चार वेळा २१७८, आणि ९८०१ म्हणजे नऊ वेळा १०८९. त्याचं म्हणणं असं की हे कोड्यांच्या सदरात शोभेल, गणितज्ञाला त्यात काही नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. १७ आणि ७१ उलटसुलट आहेत ते आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून. उद्या सातच्या पायावर लिहायचं ठरवलं तर ४१४००१ ची लिखावट होईल ३३४३०००. शेवटी तीन शून्यं, कारण आत सात तीनदा आहेत. मग ना ते विलोम, ना हर्षद, ना जनक. पण विभाजकांची बेरीज ७२० चा वर्ग आहे, हे कुठल्याही पायावर लिहा, बदलत नाही. ते संख्येचं आहे, लिखावटीचं नाही.

तरीही मी हार्डीच्या नव्हे, कापरेकरांच्या बाजूचा आहे. मुलाला सिद्धांताच्या दारापर्यंत आणायचं तर आधी अंकांशी खेळायला दिलं पाहिजे. ६१७४ ची गंमत पाहून ज्याने 'असं का?' विचारलं, तो पुढे हार्डीचंही वाचेल. ज्याला खेळूच दिलं नाही तो कशाला वाचेल?

एक इशारा मात्र देतो, कारण आपल्याकडे आकडा म्हटला की ज्योतिषी फार लांब नसतो. नगर ४१४००१, पारनेर ४१४३०२, नेवासे ४१४६०३. वजाबाकी करून पाहा. दोन्ही वेळा फरक ३०१. तिन्ही गावं एका अंकगणिती श्रेणीत बसली. ३०१ म्हणजे ७ × ४३, म्हणून नगर सातच्या पाढ्यात तर पारनेर आणि नेवासेही असणारच. पारनेरचे अवयव २ × ७ × १०१ × २९३. नेवाशाचे ३ × ३ × ७ × ६५८१. शके १२१२ मधला १०१ नेवाशाला न मिळता पारनेरला मिळाला! आणि शिर्डीचा ४२३१०९ ही मूळ संख्या आहे, ६५० च्या आतल्या ११८ मूळ संख्यांपैकी एकीनेही तिला भाग जात नाही. ही सगळी सत्यं आहेत, पण यातून शुभ-अशुभ काहीही निघत नाही. चार लाखांच्या आसपास सरासरी दर तेरा संख्यांमागे एक मूळ असते; जिल्ह्यात डझनभर पिनकोड तपासले तर एखादा मूळ निघण्याला दैवी कारण लागत नाही. भरपूर संख्या आणि भरपूर प्रश्न हाताशी असले की काही ना काही जुळतंच. शिर्डीला लोक जातात ते श्रद्धेने, अविभाज्यतेसाठी नव्हे.

ही संख्या मोठी आहे का, असंही कुणी विचारेल. १ ला ४१४००१ ने भागत बसलात तर ११,७६० अंकांनंतर तीच मालिका पुन्हा सुरू होते, एवढी ती मोठी आहे. पण अवयव पाडायला मला दोन मिनिटं लागली, त्या अर्थाने ती लहानच. इंटरनेटवरच्या व्यवहारांची कुलपं रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांनी १९७७ साली काढलेल्या युक्तीवर बराच काळ चालत आली आहेत : दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि त्या दोघी लपवून ठेवायच्या. तिथली संख्या साधारण ६१७ अंकी असते. २०२० साली अशा कुळातल्या २५० अंकी संख्येचे अवयव पाडले गेले, तेही असंख्य संगणकांना कामाला जुंपून. ६१७ अंकांपर्यंत कुणी पोचलेलं नाही. गुणाकार सोपा आणि भागाकाराची दिशा शोधणं महाकठीण, या एकाच विषमतेवर ते कुलूप उभं आहे. शाळेत 'अवयव पाडा' म्हटल्यावर आपण कंटाळायचो, त्याचीच ही पुढची इयत्ता.

सभागृहात शिक्षक बरेच दिसतात. त्यांना विनंती : उद्या वर्गात अवयवांचा धडा घेताना पुस्तकातली ३६ आणि ४८ बाजूला ठेवा. मुलांना आपापल्या गावाचा पिनकोड फळ्यावर लिहायला सांगा. ६५० च्या आतल्या मूळ संख्या पुरतात, १००१ ची युक्ती हाताशी आहेच. राहुरीचा ४१३७०५ सुटायला सुरुवात लगेच होते, शेवटी पाच आहेत. शेवगावचा ४१४५०२ मी मुद्दाम इथे सोडवत नाही. शेवगावकरांनी आधी २ ने भागावं, मग ११ ने. उरलेली पाच अंकी संख्या दोनच मूळ संख्यांचा गुणाकार आहे, त्या दोघी त्यांनी शोधाव्यात आणि मला पोस्टकार्डाने कळवाव्यात.